मदात्यय, सत्त्वावजय आणि चार भेटींचा संवाद

मद्यपानाचा रुग्ण मद्यपानाची तक्रार घेऊन आपल्या चिकित्सालयात क्वचितच येतो. तो अम्लपित्त घेऊन येतो, झोप लागत नाही म्हणून येतो. सकाळी मळमळते, हातापायांची आग होते, भूक मेली आहे, रक्तदाब वाढला आहे असे सांगत येतो. वाळूज, चिकलठाणा वा शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत रात्रपाळी करणारा कामगार असो, की पैठण, गंगापूर, कन्नड भागातील शेतकरी असो, त्याला भेटणारा पहिला डॉक्टर बहुधा गल्लीतला वा गावातला आयुर्वेद पदवीधरच असतो. नाडी पाहिली जाते, जिव्हा पाहिली जाते, सूतशेखर अथवा अविपत्तिकर चूर्ण दिले जाते आणि पथ्य सांगताना तिखट, तेलकट, जागरण यांच्या ओळीत 'दारू बंद करा' हेही एक वाक्य उच्चारले जाते. रुग्ण मान डोलावतो, औषध घेतो आणि जातो. बहुसंख्य चिकित्सालयांत मदात्ययाची चिकित्सा येथेच संपते.

आमचे नम्र प्रतिपादन असे, की ती येथून सुरू व्हावयास हवी. मोजक्या भेटींत, ठरावीक क्रमाने, रुग्णाशी केलेला संवाद ही स्वतंत्र चिकित्सा आहे. तिचे परिणाम मोजले गेले आहेत, तिच्या मर्यादाही ठाऊक झाल्या आहेत. ती शिकून घेण्यास आयुर्वेद वैद्याइतका योग्य अधिकारी दुसरा क्वचितच सापडेल. तथापि आपल्या वर्गात तिची जाणीव अद्याप फारशी पोहोचलेली नाही.

मधली मोठी पोकळी

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने (एम्स) केंद्र शासनासाठी केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांचे मद्यपान अपायकारक वा परावलंबी स्वरूपाचे आहे आणि सुमारे २.९ कोटी लोक पूर्णतः मद्यावलंबी झालेले आहेत. या मद्यावलंबी रुग्णांपैकी ३८ जणांत एकालाच कोणते तरी साहाय्य मिळाले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक.

या आकड्यांकडे वैद्याच्या दृष्टीने पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. ज्यांना उपचार हवेत त्यांतील बहुतेक कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढत नाहीत, ही पहिली. दुसरी अशी, की अपाय सुरू झाला आहे परंतु परावलंबन आलेले नाही असा जवळजवळ निम्मा वर्ग आहे आणि त्याच्यासाठी आपल्याकडे कोणतीही व्यवस्था नाही.

महाराष्ट्राने मद्याच्या प्रश्नावर काही केले नाही, असे कोणी म्हणणार नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने 'मुक्तांगण' उभे केले आणि निवासी उपचारांचा एक आदर्श घालून दिला. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीच्या रेट्याने १९९३ साली दारूबंदी झाली. गावोगावच्या महिलांनी मतदानाने 'बाटली आडवी' करून दाखविली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा मराठीतूनही चालतात. परंतु निवासी केंद्र आहे ते पूर्णतः बुडालेल्यासाठी आणि दारूबंदी आहे ती साऱ्या गावासाठी. जो कामावर जातो, पगार घरी आणतो, शनिवार-रविवार क्वार्टर घेतो, अधूनमधून पाळी बुडवतो आणि ज्याचे यकृत हळूहळू सुजू लागले आहे, त्याने कोठे जावे? तो आपल्याच चिकित्सालयात बाकावर बसलेला असतो.

गोव्यात काय झाले

याच वर्गासाठी आपल्या शेजारच्या गोव्यात झालेला प्रयोग आपण सर्वांनी जाणून घेण्याजोगा आहे. 'संगाथ' या संस्थेच्या डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत १८ ते ६५ वयाच्या ३७७ पुरुषांवर तो केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिचे एकूण गुण ४०. आठच्या आत गुण असल्यास धोका कमी, वीस वा अधिक असल्यास परावलंबनाची शक्यता मोठी. ज्यांचे गुण १२ ते १९ होते, तेच पुरुष या प्रयोगासाठी निवडले गेले.

निम्म्यांना आरोग्य केंद्राची नेहमीची सेवा, थोडी सुधारून, देण्यात आली. उरलेल्यांना त्याबरोबर समुपदेशनाच्या अधिकाधिक चार भेटी मिळाल्या. प्रत्येक भेट सुमारे अर्ध्या ते पाऊण तासाची. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, डॉक्टरही नव्हते; ते स्थानिक समाजातील, या कामासाठी मुद्दाम प्रशिक्षित केलेले सामान्य लोक होते. तीन महिन्यांनी पाहता संवाद लाभलेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे गुण आठच्या खाली आले होते. इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. मागील चौदा दिवसांत मद्याला स्पर्शही न केलेले ४२ टक्के. दुसऱ्या गटात १८ टक्के. वर्षानंतर फेरतपासणी झाली तेव्हाही हा लाभ टिकून होता: गुण आठच्या खाली असणारे ५४ टक्के विरुद्ध ३२ टक्के.

या निष्कर्षांची दुसरी बाजूही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. जे पीतच राहिले त्यांचे दैनंदिन प्रमाण तीन महिन्यांत घटलेले दिसले नाही. पत्नीला होणाऱ्या मारहाणीतही फरक आढळला नाही. तेव्हा नवऱ्याशी संवाद सुरू झाला म्हणून घरच्या स्त्रीची चौकशी संपली, असे मानता येणार नाही. तिची स्वतंत्र विचारपूस झालीच पाहिजे. मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा अल्प संवादाने साप्ताहिक मद्यसेवन सरासरी २० ग्रॅमने घटलेले आढळले. हा लाभ माफक आहे. परंतु खर्च नाही, दुष्परिणाम नगण्य आणि रुग्ण दारात आलेला असताना माफक लाभही नाकारण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

उपदेश आणि संवाद

'आम्ही तर रोजच समजावतो' असे उत्तर यावर मिळते. समजावणे आणि हा संवाद यांत अंतर आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली या पद्धतीची पहिली मांडणी केली. वैद्य जितका जोर लावतो तितका रुग्ण आपली बाजू सांभाळू लागतो, हे त्यांचे मूळ निरीक्षण. 'सोडलीच पाहिजे' असे वैद्याने म्हटले की 'रोज कुठे घेतो साहेब' हे उत्तर ठरलेलेच. म्हणून सोडण्याची कारणे रुग्णाच्याच तोंडून यावीत अशा रीतीने प्रश्न विचारावयाचे असतात.

पहिल्या भेटीत लाज न वाटू देता प्रमाण विचारावे. 'दारू पिता का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येते. 'दादा, आठवड्यातून किती दिवस घेणं होतं? एका बैठकीला नव्वद, क्वार्टर, की जास्त?' असे विचारल्यास खरे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. मग त्याच्याच उत्तराचा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे दहा ग्रॅमच्या सहा मात्रा. 'मी फक्त बिअर घेतो' असे सांगणाऱ्याच्या ६५० मिलीच्या कडक बिअरमध्येही अशा चार मात्रा असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. हा हिशेब त्याच्या अम्लपित्ताशी, रक्तदाबाशी, यकृताच्या तपासणीशी जोडून दाखवावा आणि विचारावे, 'याबद्दल तुम्हाला काय वाटतं?' त्यानंतर वैद्याने गप्प राहून ऐकावे. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड, असा आमचा अनुभव आहे.

पुढील एक-दोन भेटी कौशल्यासाठी. पगाराच्या दिवशी मित्रांनी थांबविले तर नाही कसे म्हणावे, कोणत्या वाटेने घरी जावे, राग वा एकटेपणा आला असता काय करावे, अडचण पुढे आली तर तिचे तुकडे कसे पाडावेत, याची प्रत्यक्ष तालीम करावी. बंद करणे की कमी करणे, केव्हापासून, कोणाच्या मदतीने, हे पर्याय रुग्णाने निवडावेत. शेवटच्या भेटीत पुन्हा घसरण झाली तर काय करावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. घसरलेला रुग्ण लाजेने वैद्याला टाळतो. त्याला परत येण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

ग्रंथ काय सांगतात

हे सारे वाचताना वैद्यबंधूंना आपलेच काही आठवल्यावाचून राहणार नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे सत्त्वावजयाचे स्वरूप. मानस दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय सांगितले. धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून घडणारा प्रज्ञापराध म्हणजे काय, हे मद्यपी रुग्णाइतके स्पष्टपणे कोणी दाखवीत नाही. 'मी ठरवले होते, पण दुकानासमोर आलो आणि विसरलो', हे वाक्य धृती आणि स्मृती या दोहोंविषयी आहे.

चतुष्पादांत रुग्णाचे जे गुण सांगितले आहेत त्यांत 'ज्ञापकत्व', म्हणजे आपली अवस्था वैद्यास नीट सांगण्याची क्षमता, हा एक आहे. मद्यपी रुग्णात हा गुण लज्जेने झाकलेला असतो. तो उघडा करणे हे वैद्याचे काम, आणि प्रश्न विचारण्याची रीत हे त्याचे साधन. अहितकर सवय एकदम न तोडता अंशाअंशाने सोडावी आणि हितकर सवय त्याच क्रमाने जोडावी, हा सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम तर प्रसिद्धच आहे.

परंतु येथे एक इशारा आवश्यक वाटतो. ग्रंथात सत्त्वावजय आहे, म्हणून तो आपल्या चिकित्सालयात आहे असे होत नाही. तत्त्व ग्रंथांनी दिले. किती भेटी, कोणत्या भेटीत काय, परिणाम कसा मोजावा, हा तपशील आज उपलब्ध झाला आहे. गोव्यातील समुपदेशक आपल्या संवादांची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकत आणि परस्परांच्या कामाला गुण देत. अशी शिस्त आपण स्वीकारू, तेव्हाच सत्त्वावजयाचा वारसा सांगण्याचा आपला अधिकार बळकट होईल.

श्रावणाचा प्रश्न

आपल्या समाजात या संवादाला उपयोगी पडणारी काही साधने घरचीच आहेत. मराठवाड्यात असंख्य पुरुष श्रावण पाळतात. अमावास्येला 'गटारी' करून महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत आणि पोळा झाला की पुन्हा सुरू करतात. कोणी नवरात्र पाळतो, कोणी नाथषष्ठीला पैठणला जाऊन माळ घालतो. अशा रुग्णाला 'मागच्या श्रावणात तुम्ही महिनाभर कसं निभावलं?' असा एकच प्रश्न विचारून पाहावा. जी गोष्ट आपल्याला जमणार नाही असे तो सांगत असतो, ती त्याने केलेली असते. संध्याकाळी तो कोठे बसला, मित्रांना काय सांगितले, झोप कशी लागली, हे त्याच्याच तोंडून आले की पुढील योजना जवळजवळ तयार होते.

हाच प्रश्न निदानालाही उपयोगी आहे. ज्याला श्रावणाचे पहिले दोन दिवसही हात थरथरल्यावाचून, घाम फुटल्यावाचून काढता येत नाहीत, तो केवळ अपायकारक मद्यपानाच्या नव्हे तर परावलंबनाच्या कोटीतला आहे. आणि महिनाभराच्या खंडानंतर पोळ्याच्या रात्री एकदम अतिपान करणाऱ्याला काय होऊ शकते, हे चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात ध्वंसक आणि विक्षय या व्याधींच्या रूपाने नोंदवून ठेवले आहे.

जेथे संवाद पुरेसा नाही

ऑडिटचे गुण वीस वा अधिक आले, सकाळी उठल्याबरोबर दारू लागत असेल, पूर्वी बंद करताना झटके वा भ्रम झाला असेल, तर केवळ संवादावर विसंबू नये. गोव्यातही परावलंबी पुरुषांवर केलेल्या छोट्या प्राथमिक अभ्यासात असा संवाद स्पष्टपणे परिणामकारक ठरला नाही. परावलंबी रुग्णाने दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास उन्मादसदृश भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. 'आजपासून पूर्ण बंद' ही आज्ञा अशा रुग्णाला घातक ठरते. पादांशिक क्रमाच्या नावाखाली त्याला घरीच दारू मोजून देत बसणेही सुरक्षित नव्हे. त्याला घाटी रुग्णालयात वा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे, सोबत चिठ्ठी द्यावी आणि परत आल्यावर पुढील संवाद आपण चालवावा. अशक्तपणा आहे म्हणून थायमिन न देता ग्लुकोजची सलाइन लावू नये; मेंदूला अपाय होण्याची भीती असते.

आणखी एक खबरदारी केवळ आपल्याच व्यवसायाला लागू आहे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो. द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट ही उत्तम औषधे होत. परंतु दारू सोडलेल्या रुग्णास ती देणे म्हणजे सुटलेली चव पुन्हा जिभेवर ठेवणे होय. तो डायसल्फिराम घेत असेल तर त्रास प्रत्यक्षच व्हावयाचा. अशा रुग्णास चूर्ण, वटी, क्वाथ, घृत वा खर्जूरादि मंथ यांतून निवड करावी.

रुग्णाच्या नकळत

आता अप्रिय पण आवश्यक विषय. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर, बसस्थानकांवर, वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत आणि आता भ्रमणध्वनीवरही पाहतो. भाजीत वा चहात मिसळावयाच्या या चूर्णांवर बहुधा 'आयुर्वेदिक' हा शब्द असतो. हताश पत्नी वा आई ती विकत घेते. त्यात डायसल्फिरामसारखे द्रव्य मिसळलेले असेल आणि रुग्णाने त्यावर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून मृत्यूही संभवतो. त्यात काहीच नसेल, तर घरातले पैसे आणि आशा दोन्ही जातात.

आमचा आक्षेप केवळ फसवणुकीला नाही. नकळत दिलेल्या औषधात रुग्णाची धी, धृती आणि स्मृती यांना स्थानच नाही. म्हणजे ती सत्त्वावजयाच्या नेमकी उलट चिकित्सा आहे. जो मनुष्य आपल्याला काय दिले जाते हेच जाणत नाही, तो कशाचा निश्चय करणार? यास्तव आपल्या व्यवसायातील जी मंडळी असे चूर्ण विकतात, त्यांच्याविषयी संघटनेने मौन पाळू नये, असे आम्हांस स्पष्टपणे वाटते.

काय करता येईल

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला आणि मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. दार उघडलेले आहे. आम्ही संघटनेपुढे पुढील सूचना ठेवतो.

पहिली, ऑडिट प्रश्नावलीचे सुबोध मराठी पत्रक प्रत्येक सदस्याच्या टेबलावर असावे आणि अम्लपित्त, अनिद्रा, रक्तदाब व यकृतविकार यांच्या प्रत्येक प्रौढ रुग्णास ते प्रश्न विचारले जावेत. दुसरी, जिल्ह्यात दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. व्याख्यानांऐवजी जोडीजोडीने संवादाचा सराव व्हावा आणि त्यानंतर सहा महिने दरमहा एकत्र बसून रुग्णांची चर्चा व्हावी. तिसरी, ज्यांना वेळ नाही त्यांनी चिकित्सालयातील परिचारिका वा सुशिक्षित सहायकास हे काम शिकवावे. गोव्याच्या अनुभवाने ते शक्य असल्याचे दाखविले आहे. चौथी, घाटी रुग्णालय, जवळची व्यसनमुक्ती केंद्रे आणि १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी यांची माहिती पत्रकाच्या मागे छापावी. पाचवी, रुग्णाच्या नकळत देण्याच्या औषधांची जाहिरात संघटनेच्या कोणत्याही प्रकाशनात घेऊ नये आणि सदस्यांनी तसे औषध न विकण्याची लेखी हमी द्यावी.

एक शंका निश्चित येईल: बाहेर वीस रुग्ण बसलेले असताना अर्धा तास कोठून आणावा? रास्त शंका आहे. यासाठी आठवड्यातील एक दुपार राखून ठेवता येते. चार भेटींचे दोन तास महिनाभरात विभागले जातात. त्याच रुग्णाच्या अम्लपित्तासाठी, अनिद्रेसाठी आणि पुढे जलोदरासाठी वैद्याचा जो वेळ वर्षानुवर्षे खर्ची पडतो, तो याहून कितीतरी अधिक असतो.

सदस्यांनी हा क्रम निदान पाच रुग्णांवर करून पाहावा, आरंभीचे व तीन महिन्यांनंतरचे गुण लिहून ठेवावेत आणि यश मिळो वा अपयश, दोन्ही नोंदी रुग्णाचे नाव वगळून या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात, ही विनंती.